दान केलेला कॉर्निया फ्रीजमध्ये असतो, तरी त्यात जिवाणू कसे सापडतात?

गेल्या पावसाळ्यात माझी आजी गेली. गावाहून तिला शहरातल्या हॉस्पिटलात आणलं होतं. नऊ दिवस आयसीयू, त्यातले सहा व्हेंटिलेटरवर. नेत्रदान करायचं असं तिने आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून रात्री साडेअकराला आम्ही नेत्रपेढीला फोन केला. तासाभरात दोघेजण निळा आइसबॉक्स घेऊन आले, अर्ध्या तासात काम उरकून गेले.

तीन आठवड्यांनी तिथल्या समुपदेशक ताईंचा फोन आला. "दादा, आजींचे कॉर्निया रोपणासाठी वापरता आले नाहीत. एका बाटलीतलं द्रावण गढूळ झालं होतं. जंतुसंसर्ग दिसतोय. दोन्ही कॉर्निया आम्ही डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी ठेवलेत."

बाबांना सांगितलं तर ते गप्पच बसले. मग म्हणाले, "फ्रीजमध्ये ठेवतात ना रे? मग खराब कसे झाले?" काका तेवढ्यात स्वतःचा नेत्रदानाचा फॉर्म भरायच्या बेतात होते. त्यांनी तो कपाटात ठेवून दिला. "उपयोगच होणार नसेल तर कशाला," एवढंच बोलले.

मी सॉफ्टवेअरवाला, वैद्यकीय काहीच कळत नाही. पण बाबांचा प्रश्न डोक्यातून जाईना. मित्राची बहीण नेत्रतज्ज्ञ आहे, तिला पिडलं, बरंच वाचलं, आणि लक्षात आलं की या प्रश्नात एक भारी इंजिनिअरिंगचा प्रॉब्लेम लपलाय. तो आज तुम्हाला सांगतो.

आधी कॉर्निया म्हणजे काय ते बघू

नेत्रदानात अख्खा डोळा दुसऱ्याला बसवत नाहीत, हे पहिलं. बसवतात तो फक्त कॉर्निया, म्हणजे बुबुळाच्या पुढची पारदर्शक काच. मराठीत पारपटल. "डोळ्याचा पडदा" म्हणतात ती रेटिना, ती मागे असते, तिचा इथे संबंध नाही.

कॉर्नियाची जाडी मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर आणि रुंदी ११-१२ मिलिमीटर. फोनच्या कॅमेऱ्यावरची काच नुसती संरक्षण करते. कॉर्निया मात्र स्वतःच मुख्य लेन्स आहे. डोळ्याच्या फोकस करण्याच्या एकूण ताकदीपैकी जवळपास दोन तृतीयांश ताकद याची. त्यामुळे यावर पांढरा डाग पडला, की मागचं सगळं ठणठणीत असूनही दिसत नाही.

याची आणखी एक खासियत म्हणजे यात रक्तवाहिन्या नाहीत. असत्या तर आरपार दिसलंच नसतं. रक्तपुरवठ्यावर अवलंबून नसल्यामुळे मृत्यूनंतर काही तासांनी काढलेला कॉर्नियाही कामाचा असतो. पण याचा तोटाही आहे, तो पुढे येईल.

सगळ्यात नाजूक भाग आतल्या बाजूला आहे. तिथे एकाच पेशीच्या जाडीचा एक थर असतो, त्याला एंडोथेलियम म्हणतात. मोठ्या माणसात दर चौरस मिलिमीटरला साधारण २५०० पेशी. या पेशी म्हणजे छोटे पाण्याचे पंप. कॉर्नियात सतत पाणी झिरपत असतं आणि त्या ते बाहेर फेकत असतात. पंप थांबले की कॉर्निया फुगतो आणि दुधाळ होतो. आणि माणसात या पेशी मेल्या की त्यांच्या जागी नव्या तयार होत नाहीत, शेजारच्या पेशी पसरून जागा भरून काढतात इतकंच.

म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यात बसवायचा तो कॉर्निया जिवंत हवा.

उकळून का घेत नाहीत?

माझा पहिला प्रश्न हाच होता. ऑपरेशनच्या कात्र्या-चिमटे निर्जंतुक करतात, मग कॉर्निया का नाही करत?

उष्णता, अल्कोहोल, किरणोत्सर्ग यांतलं जे काही जिवाणूंना मारतं, ते त्या पंपाच्या पेशींनाही मारतं. गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेले कॉर्निया मिळतात बरं का, पण त्यातल्या पेशी मेलेल्या असतात. ते काचबिंदूच्या ऑपरेशनमध्ये ठिगळ लावायला किंवा डोळा फाटला असेल तर तात्पुरतं बुजवायला चालतात. दृष्टी परत आणायला जिवंत एंडोथेलियम लागणार असेल, तर ते चालत नाहीत.

मग काय, जिवाणू मारायचे आणि पेशी वाचवायच्या, अशी ही कसरत. आणि जिवाणू तर असणारच. तुमच्या-माझ्या डोळ्यांवर, पापण्यांच्या कडांवर आत्ता या क्षणी आहेत. स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस आणि तसले त्वचेवर राहणारे, एरवी निरुपद्रवी भाडेकरू. आपण जिवंत असताना पापण्यांची उघडझाप आणि अश्रू त्यांना धुऊन काढत असतात. अश्रूंत लायसोझाइम नावाचं जिवाणूंची भिंत फोडणारं एन्झाइमही असतं. मृत्यूनंतर ही साफसफाई थांबते. शिवाय पापण्या अर्धवट उघड्या राहिल्या तर कॉर्निया कोरडा पडतो, वरचा थर खरवडल्यासारखा होतो आणि जिवाणूंना आत शिरायला वाट मिळते.

म्हणून टीम आली की आधी पापण्या आणि डोळ्याचा पृष्ठभाग पोव्हिडोन-आयोडीनने धुतात. जखमेवर लावतो ते तपकिरी बीटाडीन, त्यातलंच औषध. डोळ्यासाठी साधारण ५ टक्क्यांचं वापरतात, थोडा वेळ ठेवून सलाइनने धुऊन टाकतात. (घरातली बाटली कुणी डोळ्यात घालू नका, ती डोळ्यासाठी नसते.) आयोडीनने पृष्ठभागावरचे जिवाणू खूपच कमी होतात. खूप कमी म्हणजे शून्य नव्हे. कोपऱ्यात, सुरकुतीत, पेशींच्या फटीत काही उरतातच.

यानंतर कॉर्निया भोवतीच्या पांढऱ्या भागाच्या दोन-चार मिलिमीटर कडेसकट कापून काढतात आणि गुलाबी द्रावणाच्या बाटलीत सोडतात. ही कड लक्षात ठेवा, पुढे तिचं महत्त्वाचं काम आहे.

गुलाबी पाण्याची बाटली

पहिलं यशस्वी कॉर्निया रोपण झालं ७ डिसेंबर १९०५ ला, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोत्स गावात. डॉक्टर होते एडुआर्ड झिर्म. चुन्याने दोन्ही डोळे भाजलेल्या एका मजुराला त्यांनी एका मुलाचा कॉर्निया बसवला. त्या मुलाचा डोळा दुखापतीमुळे काढावाच लागणार होता. तिथे साठवणूक शून्य, इकडून काढला आणि तिकडे बसवला. पुढे १९३० च्या दशकात ओडेसामध्ये व्लादिमीर फिलाटोव्ह यांनी मृत व्यक्तींचे कॉर्निया वापरून दाखवले, आणि मग ते ठेवायचे कसे हा प्रश्न उभा राहिला. १९४४ मध्ये न्यूयॉर्कला नेत्रपेढी सुरू झाली, १९४५ मध्ये आपल्याकडे चेन्नईला.

तेव्हा अख्खा डोळा ओलसर बरणीत ठेवून बरणी फ्रीजमध्ये ठेवायचे. एक-दोन दिवसांत वापरला नाही तर वाया. १९७४ मध्ये मॅक्केरी आणि कॉफमन या दोघांनी पेशींना पोषण देणारं द्रावण काढलं, तेच एमके मीडियम. त्यात डेक्स्ट्रान असतं, ते कॉर्नियाला फुगू देत नाही, आणि अँटिबायोटिक असतं. यात कॉर्निया चार दिवस टिकतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेच्या नेत्रपेढीत एमके मीडियम बनतं. नंतर कॉन्ड्रॉइटिन सल्फेट घातलेली द्रावणं आली, त्यांत १४ दिवसांपर्यंत ठेवता येतं. अमेरिकेतलं ऑप्टिसॉल-जीएस प्रसिद्ध आहे. त्यातलं जीएस म्हणजे जेंटामायसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन, दोन अँटिबायोटिक. आपल्याकडे मदुराईच्या ऑरोलॅबचं कॉर्निसॉल त्याच जातीचं. हे सगळं २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवायचं.

द्रावण गुलाबी असतं कारण त्यात फिनॉल रेड हा रंग असतो. द्रावण आम्लधर्मी झालं की तो पिवळा पडतो. जिवाणू वाढले की आम्ल तयार करतात, म्हणजे बाटली पिवळी दिसली तर धोक्याची घंटा. स्वस्त आणि मस्त सेन्सर. फक्त हा सेन्सर फार उशिरा बोलतो. पाणी डोळ्याला गढूळ दिसायला एका मिलिलिटरमध्ये ढोबळमानाने दहा लाख ते एक कोटी जिवाणू लागतात. त्याच्या खाली बाटली अगदी स्वच्छ दिसते.

फ्रीज म्हणजे डिलीट नाही, पॉज

आता बाबांच्या प्रश्नाकडे येऊ.

इडलीचं पीठ आठवा. उन्हाळ्यात रात्री ओट्यावर ठेवलं तर सकाळी पातेल्याबाहेर. फ्रीजमध्ये ठेवलं तर तीन दिवस जसंच्या तसं. पण तिसऱ्या दिवशी बाहेर काढून ठेवलं की संध्याकाळी पुन्हा फसफसतं. फ्रीजमध्ये त्यातले जिवाणू मेले नव्हते, नुसते थांबले होते.

३७ अंशाला, सगळं मनासारखं असेल तर, ई. कोलायसारखा जिवाणू २० मिनिटांत दुप्पट होतो. दहा तासांत ३० वेळा दुप्पट. एकापासून सुरू करा, हिशेब १०७ कोटींवर जातो. ४ अंशाला हाच आलेख जवळजवळ आडवा होतो. कॉर्नियाच्या पेशीही थंडीत मंदावतात, कमी खातात, म्हणून टिकतात. दोघंही स्लीप मोडमध्ये.

पण बाटलीत अँटिबायोटिक आहे ना? ते तर मारेल?

इथे मला खरा धक्का बसला. जेंटामायसिन जिवाणूच्या आत शिरून त्याच्या प्रोटीन बनवणाऱ्या यंत्रावर, रायबोसोमवर, बसतं आणि चुकीची प्रोटीन बनवायला लावतं. पण आत शिरण्यासाठी जिवाणूने ऊर्जा खर्च करून ते ओढून घ्यावं लागतं. थंडीत झोपलेला जिवाणू ते ओढत नाही, आणि त्याचा कारखानाही बंदच असतो. बंद कारखान्यात बिघाड काय करणार! म्हणजे ज्या थंडीमुळे जिवाणू वाढत नाहीत, त्याच थंडीमुळे औषधही त्यांना मारत नाही. दोन्ही सुरक्षा उपाय चालू आहेत, पण एक दुसऱ्याला निकामी करतोय. आमच्या ऑफिसात असा बग सापडला तर दोन्ही टीम एकमेकांकडे बोट दाखवतील.

यावर साधा उपाय आहे. बाटली ऑपरेशनआधी काही काळ खोलीच्या तापमानाला आणायची. जिवाणू जागे होतात, श्वास घेतात, औषध ओढतात आणि मरतात. असं केल्यावर जिवाणू कमी सापडतात हे प्रयोगांत दिसलंय. तसंही एंडोथेलियमच्या पेशी मोजायला बाटली कोमट करावीच लागते, कारण थंड कॉर्नियात पेशींच्या कडा नीट दिसत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, मग चांगलं तासन्‌तास बाहेरच ठेवा. तेही जमत नाही, कारण बाटलीत जिवाणूच असतील असं नाही, बुरशी असू शकते. कॅन्डिडा नावाची. जेंटामायसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन बुरशीचं काही वाकडं करू शकत नाहीत. तिला तर ऊब मिळाली की मेजवानीच. आजकाल अख्ख्या कॉर्नियाऐवजी फक्त आतला पातळ थर बसवायची ऑपरेशनं होतात, आणि तो थर नेत्रपेढीतच सोलून ठेवतात. या कामात कॉर्निया जास्त वेळ खोलीच्या तापमानाला राहतो. अमेरिकेतल्या नेत्रपेढ्यांना म्हणूनच बुरशीची चिंता वाटू लागली. मग द्रावणात अॅम्फोटेरिसिन-बी हे बुरशीनाशक घाला की? ते घालायचं प्रमाण चुकलं तर एंडोथेलियमलाच इजा. इटलीत बनलेल्या एका थंड द्रावणात ते घातलेलं असतं, पण सर्रास सगळीकडे अजून नाही.

रिपोर्ट येतो, पण ऑपरेशननंतर

ती कड आठवतेय? सर्जन गोल कटरने कॉर्नियाचा मधला साधारण आठ मिलिमीटरचा भाग कापून घेतो आणि रुग्णाला बसवतो. उरते ती बाहेरची कड. अनेक ठिकाणी ही कड प्रयोगशाळेत पाठवतात आणि त्यातून काही उगवतंय का बघतात. उगवायला दोन-तीन दिवस, बुरशी असेल तर जास्त. तोपर्यंत मधला भाग कुणाच्या तरी डोळ्यात शिवलेला असतो.

अॅप आधी प्ले स्टोअरवर टाकलं आणि टेस्टिंगचा रिपोर्ट तीन दिवसांनी आला, असं हे. ऐकायला भयंकर वाटतं. मलाही वाटलं.

पण आकडे वेगळं सांगतात. कडेच्या तपासणीत काहीतरी उगवण्याचं प्रमाण अभ्यासागणिक फार बदलतं, कुठे शंभरात दोन-चार, तर कुठे तीसच्याही वर. त्यातल्या बहुतेक रुग्णांना काहीच होत नाही. १९६३ नंतरच्या चाळीसेक वर्षांतले अभ्यास एकत्र करणाऱ्या एका आढाव्यात, अख्खा कॉर्निया बदलल्यावर डोळ्याच्या आत संसर्ग होण्याचं प्रमाण हजारी सुमारे ४ निघालं. याचं कारण, शरीराच्या तापमानाला आल्यावर द्रावणातून शोषलेलं औषध कामाला लागतं, वरून थेंब चालू असतात, आणि कडेवर होतं ते मधल्या भागात असेलच असंही नाही.

मात्र त्या चौघांसाठी हजाराचा हिशेब काय कामाचा. डोळ्याच्या आतल्या या संसर्गाला एंडोफ्थाल्मायटिस म्हणतात. वेळेत आवरला नाही तर ज्या डोळ्याला दृष्टी द्यायला निघालो, तो डोळाच जातो. आणि रक्तवाहिन्या नसल्याचा तोटा म्हणत होतो तो हाच. बसवलेल्या कॉर्नियात खोल जिवाणू लपले असतील तर रक्तातून तिथे ना पांढऱ्या पेशी पटकन पोहोचतात, ना गोळी-इंजेक्शनचं औषध. म्हणून कडेचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की सर्जनला लगेच कळवतात, कुठला जिवाणू आणि कुठलं औषध चालेल हे हातात असतं, आणि त्याच दात्याचा दुसरा कॉर्निया ज्या सर्जनकडे गेला त्यालाही कळवतात. बुरशी निघाली तर जास्तच सावध होतात. उशिरा आलेला रिपोर्टही निरुपयोगी नाही, तो क्रॅश रिपोर्टसारखा आहे.

या चाचणीवर डॉक्टरांतही एकमत नाही. काहींच्या मते इतके पॉझिटिव्ह येतात आणि इतक्या कमी जणांना त्रास होतो, की प्रत्येक कडेवर पैसे घालवण्यात अर्थ नाही. माझं मत विचाराल तर आपल्याकडे ही तपासणी हवीच. कारण पुढच्या भागात सांगतो.

त्याआधी एक गोष्ट. रिपोर्ट आधी मिळेल अशी पद्धत जगात आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत मिनेसोटाला ती विकसित झाली, पण रुजली युरोपात. तिथे कॉर्निया ३० ते ३७ अंशांना, ऊबदार द्रावणात, चार आठवड्यांपर्यंत ठेवतात. द्रावणात अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक दोन्ही. ऊब असल्यामुळे औषध पूर्ण ताकदीने चालतं, आणि त्यातूनही जो जिवाणू वाचला तो वाढून स्वतःच उघडा पडतो. द्रावणाचा नमुना तपासतात, काही निघालं तर कॉर्निया बाद. म्हणजे बग रिलीजच्या आधीच पकडला. मग आपण का नाही करत? इन्क्युबेटर, प्रयोगशाळा, प्रशिक्षित माणसं, आणि शेवटी कॉर्निया फुगतो म्हणून त्याला पुन्हा आटवायचं वेगळं द्रावण. या सगळ्याला पैसा आणि वेळ लागतो. थंड पद्धतीत एक फ्रीज आणि बर्फाचा डबा पुरतो, बाटली रात्रीच्या एसटीनेही दुसऱ्या शहरात जाऊ शकते. भारत आणि अमेरिका दोघांनीही थंड पद्धतच धरली.

आणि शंका आली की फेका, असंही करता येत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीनुसार दर ७० गरजूंमागे एकच कॉर्निया उपलब्ध होता.

आजीच्या फाइलमधला कागद

हे सगळं कळल्यावर मी आजीची हॉस्पिटलची फाइल काढली. त्यात एक कल्चर रिपोर्ट होता. श्वासनळीतल्या स्रावात क्लेब्सिएला नावाचा जिवाणू. खाली औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे एस किंवा आर. तुमच्या घरीही असा कागद कधी आला असेल. एस म्हणजे जिवाणू या औषधाला बळी पडतो, आर म्हणजे दाद देत नाही, रेझिस्टंट. आजीच्या कागदावर आरच आर होते. जेंटामायसिनपुढेही आर.

रिपोर्टची तारीख होती आजी गेली त्याच्या दुसऱ्या दिवसाची. म्हणजे नेत्रपेढीची माणसं आली तेव्हा हा कागद कुणाच्याच हातात नव्हता.

मित्राची बहीण म्हणाली, आयसीयूत हे नेहमीचं आहे. व्हेंटिलेटरवरच्या माणसाच्या पापण्या नीट मिटत नाहीत, डोळा कोरडा पडतो, नळीतला स्राव खेचताना तुषार उडतात. आठवडाभरात डोळ्यावरचे साधे भाडेकरू जाऊन हॉस्पिटलचे दांडगे जिवाणू येऊन बसतात. द्रावणात असलेली अँटिबायोटिक त्यांनी आधीच पचवलेली असतात. अशा जिवाणूंमुळे रोपणानंतर गंभीर संसर्ग झाल्याच्या नोंदी भारतातल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या आहेत, आणि म्हणूनच मला कडेची तपासणी आपल्याकडे गरजेची वाटते.

मी समुपदेशक ताईंना पुन्हा फोन केला. त्यांनी नोंदवही बघून सांगितलं, पहिल्या दिवशी दोन्ही बाटल्या स्वच्छ होत्या. पेशी मोजायला बाहेर काढल्या, परत ठेवल्या, आणि पुढच्या तपासणीत एक गढूळ दिसली. पॉज, प्ले, पॉज. जागा झालेला जिवाणू औषधाला दाद देणारा असता तर त्या वेळात मेला असता. हा वाढला. गढूळ दिसला म्हणून सापडला तरी. दुसरी बाटली स्वच्छ दिसत होती, पण एकाच माणसाचे दोन डोळे, तिच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. मीही ठेवला नसता.

हे मी बाबांना रविवारी सकाळी, चहाच्या वेळी, कागदावर इडलीच्या पिठाचं पातेलं काढून समजावलं. ते बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे आईच्या डोळ्यांत खोट नव्हती." नव्हती. पेशींची मोजणी तर तिच्या वयाच्या मानाने चांगली आली होती, ताईंनी मुद्दाम सांगितलं.

भारतात जमा होणाऱ्या कॉर्नियांपैकी ढोबळमानाने निम्मेच रोपणाला वापरले जातात. पेशी कमी, रक्ततपासणीत कावीळ-एचआयव्ही, मुदत संपली, संसर्ग, अशी कारणं अनेक. बाकीचे प्रशिक्षण आणि संशोधनाला जातात. तो पातळ थर सोलायचं काम हात बसेपर्यंत कुणाच्या तरी कॉर्नियावर शिकावंच लागतं. आजीचे तिकडे गेले.

घरी काय करता येईल

मृत्यूनंतर शक्यतो सहा तासांच्या आत कॉर्निया काढावा लागतो, म्हणून जवळच्या नेत्रपेढीचा नंबर आत्ताच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. रात्री दोन वाजता गुगल करत बसायची ती वेळ नसते. आधी फॉर्म भरलेला नसला तरी जवळचे नातेवाईक संमती देऊ शकतात. उलट, फॉर्म भरलाय पण घरच्यांना माहीतच नाही, तर त्याचा फायदा होत नाही.

टीम येईपर्यंत पापण्या मिटवा, त्यावर स्वच्छ पाण्यात भिजवलेला कापूस ठेवा, पंखा बंद करा, एसी असेल तर चालू ठेवा, डोक्याखाली उशी द्या. हे का, ते आता तुम्हाला कळलं असेल. कोरडा पडलेला कॉर्निया म्हणजे जिवाणूंना उघडं दार.

माणूस हॉस्पिटलात असेल तर फाइल टीमच्या हातात द्या. किती दिवस आयसीयू, व्हेंटिलेटर होता का, कुठला कल्चर रिपोर्ट यायचा बाकी आहे का, हे आपणहून सांगा. रिपोर्ट नंतर आला तर फोटो काढून पाठवा. आम्हाला हे माहीत असतं तर नक्की पाठवला असता.

आणि घरात कुणाला कॉर्निया बसवला असेल तर डोळा लाल होणं, दुखणं, उजेड सहन न होणं, दिसायला कमी येणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर. "उद्या बघू" नको, मेडिकलमधून आपल्या मनाने थेंब आणणं तर नकोच.

परवा काकांचा व्हॉट्सअॅपवर मेसेज आला, शुगर असलेल्या माणसाला नेत्रदान करता येतं का म्हणून. करता येतं. चष्मा असला, बीपी असलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी करता येतं. तसं लिहून पाठवलं.